लंकेतला बेंदूर

मेढ्याच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे. सकाळी डेअरीवर दूध घालून झालं तरी तिथली माणसं लगेच घरी जात नाहीत, कारण कट्ट्यावर ज्ञानूनाना सपकाळ बसलेले असतात. नाना मराठा पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीवर आले त्याला आता कैक वर्षं झाली. गुडघ्यांनी कधीच संप पुकारलाय, दात अर्धेअधिक गेलेत, पण जीभ अजून ड्यूटीवर आहे. तरणेपणी नाना शांतिसेनेत श्रीलंकेला होते. दुसरा कुणी असता तर किती गोळ्या झाडल्या ते छाती फुगवून सांगत बसला असता. नानांचं तसं नाही. ते लढाई सोडून बाकी सगळं सांगतात.

म्हणजे काय, तर मद्रासेहून जहाजात चढल्यावर अख्खी कंपनी कठड्याला धरून कशी ओकत होती ते. डब्यातलं अननस खाऊन खाऊन भाकरीच्या आठवणीनं माणसं कशी रडकुंडीला आली ते. पावसात संडासच्या खड्ड्याभोवती एवढाले बेडूक बसायचे की आत जाणाऱ्यानं हातात काठी घेऊनच जायचं, असा सुभेदारसाहेबांचा हुकूम कसा निघाला, तेही.

ह्या गोष्टींत एक गडी हटकून असायचा, ज्योतिबा. आटपाडीच्या बाजूचा, दुष्काळात वाढलेला. समुद्र बघितल्यावर बाकीचे नमस्कार करत होते, तर हा कपाळाला हात लावून म्हणाला, "येवढं पानी आन् आमच्याकडं पाटाला थेंब न्हाई. ह्यातलं निम्मं तरी वळवायचं हुतं." ह्याला रात्रीचा परवलीचा शब्द कधी लक्षात राहायचा नाही. पहारेकऱ्यानं "थम, कौन आता है" म्हणून रायफल रोखली की हा अंधारातून म्हणायचा, "मी हाय रं, ज्योत्या." पाठीवर बोजा घेऊन पळायची शिक्षा व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा "मी हाय रं, ज्योत्या." शेवटी सुभेदारच कंटाळले. म्हणाले, दुश्मनाला असलं मराठी यायला अजून लय वर्षं लागतील, सोडा त्याला आत.

ज्योतिबा पुढं परत आला नाही, हे मात्र नाना कट्ट्यावर कधी सांगत नसत. पिण्याच्या पाण्याचा टँकर घेऊन निघाला होता, रस्त्यात सुरुंग फुटला. चोवीस वर्षांचं पोरगं. नानांनी त्याला स्वतःच्या हातानं उचललं होतं. त्यावर कट्ट्यावर काय बोलणार? म्हणून ते त्याला गोष्टीत जिवंत ठेवून मोकळे व्हायचे.

तर माघ सरता सरता नानांना एक फोन आला. पलीकडून बोलणारा होता शंभूराज, ज्योतिबाचा पुतण्या. गावानं शाळेसमोर ज्योतिबाचा अर्धपुतळा बसवलाय, आमदारांच्या हस्ते अनावरण आहे, चुलत्यांबरोबर लढलेला एक जण तरी पाहिजे, तुम्ही यायलाच पाहिजे.

नाना हो म्हणाले आणि लगेच घाबरले. बायकोला, मनुबाईला म्हणाले, "मला त्याचं लढल्यालं काय आठवतच न्हाई गं. आठवतंय ते सगळं हसायचंच हाय."

"मग बोलू नका," मनुबाई म्हणाली. ती भाकऱ्या थापत होती, तिनं वर बघितलंसुद्धा नाही. "शूर हुता म्हना आन् खाली बसा. तिथं त्याची आई असंल, बायकू असंल. तुमच्या बेडकांच्या गोष्टी ऐकायला बसल्यात का त्या? आवं, मेल्याल्या मानसावर कोन हसतं?"

बाई बोलली ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच नानांना ते लागलं. इस्त्रीचा कोट, त्यावर मेडलं, डोक्यावर पलटणीची टोपी अशा थाटात ते यष्टीनं निघाले. साताऱ्याला बदलली, कराडला चहा घेतला, विट्याला पुन्हा बदलली. वाटभर तोंडातल्या तोंडात "शूर होता, धाडसी होता" असं घोकत होते. शाळेत नापास होणाऱ्या पोरासारखी अवस्था. आटपाडीला शंभूराज गाडी घेऊन हजर होता. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, दोन मोबाइल, आणि बोलणं असं की जणू लग्न त्याचंच आहे.

गावात शिरताना त्यानं आधी पुतळा दाखवला. कापड टाकायचं होतं अजून. नानांनी बघितलं तर पुतळ्याला ही एवढी पिळदार मिशी. ज्योतिबाला मिशीच येत नव्हती. वरच्या ओठावर चार केस होते, त्यांना तो रोज आरशात बघून धीर द्यायचा.

"मिशी कुणाची म्हनायची ही?" नानांनी विचारलं.

"मूर्तिकार म्हनला, शहीद मानसाला मिशी पाहिजेच," शंभूराज म्हणाला. "आन् नाना, एक सांगतो, राग मानू नका. पाच मिन्टं बोला. शौर्य, बलिदान असं. गमतीजमती नको. तुमी लय हसवता असं कळलंय मला. आमदार असत्यात, आज्जी पुढंच बसनार हाय, बरं न्हाई दिसत."

नानांनी मान डोलावली. घरच्या बाईनं सांगितलेलं आता दारच्या पोरानंही सांगितलं, म्हणजे विषयच संपला.

घर साधंच होतं. दावणीला खिलार बैलांची जोडी, पडवीत ज्योतिबाचा फोटो, त्याला ताजा हार. नाना खाटेवर टेकले तशी आतून चहा घेऊन हरणाबाई आल्या, ज्योतिबाच्या बायको. पन्नाशी उलटलेली, उन्हानं रापलेला चेहरा, डोईवर पदर. अस्थी घेऊन पलटणीची माणसं आली होती तेव्हा नाना ह्याच पडवीत बसले होते, पण तेव्हा बाया माजघरात होत्या, बोलणं दूरच, तोंडसुद्धा दिसलं नव्हतं. आज प्रथमच समोरासमोर गाठ पडत होती.

चहा देऊन बाई जातील असं नानांना वाटलं. त्या गेल्या नाहीत. मेढीला टेकून उभ्या राहिल्या.

"भावजी, एक इचारू का?"

"इचारा की, वैनी."

"ते तिकडं असताना रागात असायचं का हो?"

नानांना कळेना. "कुनावर?"

"माझ्यावर," हरणाबाई म्हणाल्या, आणि मग इतकी वर्षं दाबून ठेवलेलं त्यांच्या तोंडून सरळ बाहेर आलं. "लग्नाला दोन म्हैनं झालं हुतं. रजा संपत आल्याली. माझं म्हायार जतच्या खाली, कर्नाटकाच्या शिवेला. आमच्याकडं बेंदूर जेठात असतो, पुनवेला, कारहुणवी म्हनत्यात त्येला. हितं तो आखाडात असतो, हे मला कुठलं ठावं? मला वाटलं, नवी सून हाय, सासरच्यांला काम करून दाखवावं. फाटंचं उठून बैलं धुतली, शिंगं रंगवली, पुरन शिजाय घातलं. उजाडल्यावर सगळा गाव दारात गोळा झाला हसायला. सासूबाई म्हनल्या, बिनदिवसाचा सन केलास, घराला लागंल ह्यो."

"आन् ज्योतिबा?"

"काय बोललं न्हाईत. रागावलं बी न्हाईत, हसलं बी न्हाईत. बैलाच्या शिंगांकडं बघत बसलं. दुसऱ्या दिशी बोजा उचलला आन् गेलं, मागं वळून बी बघितलं न्हाई. पत्रं यायची, पर ती सासऱ्याच्या नावानं. बायकूचं नाव कोन घालतंय त्यात? आन् वर्ष उलटल्यावर अस्थी आल्या." बाईंनी पदरानं ओठ पुसले. "घराला लागलं म्हनल्या सासूबाई. गाव बी तेच म्हनलं. तवापास्नं बेंदराला मला बैलाला हात लावू देत न्हाईत. पुरनाच्या पातेल्याला शिवू देत न्हाईत. त्या वाईट न्हाईत ओ, ल्योक गेला की त्येंचा. मी बी कधी भांडले न्हाई. पर रागानं गेलं का, येवढंच मला कळंना झालंय. तुमी जवळ हुता, तुमाला ठावं असंल."

नानांनी कपबशी खाटेवर ठेवली. त्यांना ठाऊक होतं. त्यांना चांगलंच ठाऊक होतं, फक्त ते काय आहे हे आत्ता ह्या घटकेला कळत होतं. ते बोलायला तोंड उघडतात तोच शंभूराज पळत आला. आमदारांची गाडी फाट्यावर आलीय, चला, चला, म्हणत त्यानं नानांना दंडाला धरून उठवलंच. नाना वळून एवढंच म्हणाले, "वैनी, मांडवात पुढं बसा. मागं बसू नका."

मांडव खच्चून भरला होता. पहिल्या रांगेत ज्योतिबाची आई, रंगूबाई, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. नव्वदीला टेकलेली, ऐकायला पार कमी, पण पाठ ताठ. तिच्या खुर्चीशेजारी खाली सतरंजीवर हरणाबाई येऊन बसल्या होत्या. पडदा निघाला, टाळ्या झाल्या, नारळ फुटला. आमदारांनी देश, सीमा, रक्ताचा थेंब असं सगळं यथासांग बोलून घेतलं. मग माईकवर नानांचं नाव पुकारलं.

नाना उभे राहिले. समोर एवढी माणसं, आणि घोकलेलं सगळं डोक्यातून साफ गेलेलं. त्यांच्या मनात एकच विचार होता. घरात जाऊन वैनीच्या कानात सांगितलं असतं तर तेवढ्यानं काम भागलं नसतं. बोल लावला तो गावासमोर लावला होता, तर तो उतरायचाही गावासमोरच. मग आमदाराला बरं दिसो नाहीतर वाईट.

"ज्योतिबा शूर हुता," नाना म्हणाले. शंभूराजनं समाधानानं मान हलवली. "ते साहेबांनी सांगितलं, मी पुन्हा सांगत न्हाई. मी त्येच्या बेंदराची गोष्ट सांगतो."

शंभूराजची मान हलायची थांबली.

"लंकेत आमची चौकी एका बंद पडल्याल्या भातगिरणीत हुती. भवतीनं ताडाची झाडं. जेठ लागला आन् ज्योत्या मागं लागला, बेंदूर करायचा. आमी म्हनलं, अरं येड्या, बैल कुठं हाय? तर म्हनला, बघून ठेवलेत. शेजारी एका म्हाताऱ्या तमिळ शेतकऱ्याची पांढरी जोडी हुती. आमी चौघं गेलो, खांद्याला रायफली. म्हाताऱ्याला आमची भाषा येईना, आमाला त्याची. ज्योत्यानं हातवारं करून समजावलं आन् दावं सोडलं. म्हाताऱ्याला वाटलं, पलटन बैलं कापून खानार. त्यो मटकन खाली बसला, त्येची म्हातारी ऊर बडवाय लागली."

मांडवात कुजबूज झाली. नाना पुढं बोलतच राहिले.

"आमी बैलं हिरीवर नेली, घासून धुतली. शिंगाला हुरमुंजाचा तांबडा रंग कुठला? आगीच्या बादल्यांना लावत्यात तसला लाल रंग हुता, तो लावला. एका शिंगाला पुरला, दुसऱ्याला न्हाई. मग दुसरं शिंग मिलिटरीच्या हिरव्या रंगात रंगवलं. झूल म्हनून पाठीवर लपायची जाळी टाकली. आता लाल-हिरव्या शिंगाचा बैल लपतोय कुठं? गळ्यात घुंगरं न्हाईत म्हनून मोकळ्या काडतुसांची माळ केली. डाळ शिजवली, ताडाचा गूळ घातला, आन् पुरन कशात वाटलं, तर हेल्मेटात. कॅन बडवत मिरवनूक निघाली. तेवढ्यात मेजरसाहेबांची जीप आली. त्ये उत्तरंकडचं. म्हनलं, ये क्या है? सुभेदारांनी सॅल्यूट ठोकला, साब, बेंदूर है. साहेब जरा बघत राहिलं, मग उतरलं आन् पोळ्या खाऊन गेलं."

आता हसू फुटलं. आधी पोरांच्यात, मग पुरुषांच्यात, आणि आमदारांनीही रुमाल तोंडाला लावला. शंभूराजनं मागून नानांच्या कोटाला हळूच हिसका दिला. नानांनी तो हात झटकून टाकला.

"ज्योत्या बैलांच्या पाया पडला, त्येंला घास दिला. ते बघितलं आन् म्हातारा उठला की. घरातनं अंगारा घेऊन आला, बैलांला लावला, आमाला लावला, आन् आमच्यावरच वरडाय लागला. मागनं दुभाष्यानं सांगितलं, त्येंच्यात बैलांचा सन संक्रांतीला असतो, तवा त्याचं म्हननं येवढंच, की गाढवांनो, तुमची तारीख चुकली."

बाया पदराआड हसत होत्या. हरणाबाई हसत नव्हत्या. त्या नानांकडं डोळ्याची पापणी न हलवता बघत होत्या.

"आता माझं खरं सांगायचं ऱ्हायलं," नाना म्हणाले. "तारीख चुकली हे आमी बी त्याला म्हनत हुतो. आमचा साताऱ्याकडचा बेंदूर आखाडातला. मी म्हनलं, ज्योत्या, तुमच्या आटपाडीत बी आखाडातच असतो, मला ठावं हाय, जेठात तुजं काय काम? तर म्हनला, आमच्या घरात जेठात असतो. मी म्हनलं, कवापास्नं? तर म्हनला, लगीन झाल्यापास्नं."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"आमी त्याची लय खोड काढली. बायकूचा बैल म्हनलं, काय काय म्हनलं. त्यो निस्ता हसायचा. मला म्हनला, ज्ञानू, तिनं एकटीनं बैलं सजवली हुती रं, आन् मी सगळ्यांम्होरं गप बसलो. चांगली केलीस म्हनायला पाहिजे हुतं. बाप उभा हुता, गाव उभा हुता, तोंडच उघडंना. आता रजंला गेलो की आमच्यात जेठातच. हे त्याचं बोलनं आमी चेष्टंवारी नेलं. मी आजवर आमच्या डेअरीवर हसायलाच सांगत आलो. आन् पुढच्या म्हैन्यात आखाडात आमी सातारकरांनी पुन्हा बेंदूर केला, तर त्यो म्हातारा आमी दिसताच बैलं धुऊन दारात घेऊन उभा. तवा बी ज्योत्या पोळ्या लाटाय आला. पर म्हनला, ह्यो तुमचा. माझा झाला."

नानांनी हरणाबाईंकडं बघितलं. "रागानं न्हाई गेला त्यो," एवढं म्हणाले आणि जय हिंद म्हणायचं विसरून तसेच खाली बसले.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. बायांच्या बाजूला एकीनं दुसरीकडं बघितलं, दुसरीनं खाली. ज्या बायकांनी हरणाबाईच्या दारात उभं राहून हसून घेतलं होतं, त्यांतल्या दोघीतिघी तिथंच होत्या, आता म्हाताऱ्या झालेल्या.

मग रंगूबाई खुर्चीत पुढं वाकली. तिला ह्यातलं काही ऐकू आलं नव्हतं, माणसं हसली आणि गप्प झाली एवढंच दिसलं होतं. तिनं हरणाबाईचा खांदा हलवला. "काय म्हनला गं त्यो?"

हरणाबाई उठल्या. सगळा मांडव बघत होता. सासूच्या कानाशी वाकून, म्हातारीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं त्या म्हणाल्या, "तिकडं गेल्यावर त्यांनी बेंदूर केला, आत्या. जेठात केला. लोकांनी इचारलं तर म्हनलं, आमच्या घरात जेठातच असतो."

रंगूबाईनं ते ऐकलं. तिचा जबडा नुसता हलत राहिला. मग तिनं नानांकडं बोट केलं. "पोळी जमली हुती का त्येला?"

नाना बसल्या जागेवरनं ओरडून म्हणाले, "कच्ची हुती, आई. पर बैलांनी खाल्ली."

म्हातारी हसली. तोंडात दात नाही, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि हसतीय. पोटच्या पोरानं कुठं मुलखाबाहेर कच्ची पोळी लाटली हे तिला आज कळत होतं. लोकांनी इतकी वर्षं तिला त्याचं मरणच तेवढं सांगितलं होतं. हसता हसता तिला रडू फुटलं. तिनं सुनेचं मनगट धरलं ते सोडीना.

"मला का न्हाई बोलला त्यो," ती म्हणाली. "मी न्हाई म्हनले असते व्हय? आन् तू तरी का ऐकून घेतलंस माझं, येवढी वर्सं?"

हरणाबाईंनी दुसऱ्या हातानं पदर घेऊन म्हातारीचे डोळे पुसले.

"औंदा जेठातच करू," रंगूबाई म्हणाली. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून ते सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. "शिंगं तूच रंगव. कुनी हसलं तर माझ्याकडं लावून दे."

हरणाबाईंनी मान हलवली, आणि भर मांडवात, सगळ्या गावासमोर, सासूच्या मांडीत डोकं घालून त्या रडल्या.